दोन शिट्ट्यांच्या मधली जागा

“बाई, बसा हो जरा एका जागी! तुमच्या येरझाऱ्या बघून मला इथे गाडी लागायला लागलीय,” मास्तर स्टुडिओच्या काचेपलीकडून माइकमध्ये म्हणाले.

बाई बसल्या. बसल्या म्हणजे काय, खुर्चीला टेकल्या आणि लगेच उठल्या. दार उघडून बाहेर गेल्या. बाहेर स्टुलावर एक टोपली असायची, सगळ्यांचे फोन त्या टोपलीत. त्यातला आपला काढून बघितला, परत टाकला, परत आत आल्या. आत फोन न्यायचा नाही हा नियम त्यांनीच केलेला. लाल दिवा लागल्यावर दार उघडायचं नाही हाही त्यांचाच. एकदा खालचा वॉचमन कसलंसं पार्सल घेऊन लाल दिव्यात आत घुसला होता, तेव्हा बाईंनी त्याची अशी हजेरी घेतली की बिचारा तेव्हापासून त्या मजल्यावर चवड्यांवर चालायचा. आणि आज त्याच बाई दर दोन वाक्यांनी काम अडवून टोपलीकडे धावत होत्या.

“झालंय काय पण?” रेकॉर्डिस्टनं विचारलं.

“काही नाही हो. आमच्या ठकीला जरा बरं नाही. काल उलटी झाली, आज अंग कोमट आहे. आजी आहे तिच्याजवळ.”

“मग आहे की आजी. चला, शिकवण घेऊन टाकू.”

आता या बाई म्हणजे शाळेतल्या बाई नव्हेत बरं का. या लेखिकाबाई. परदेशातून येणाऱ्या लहान मुलांच्या एका मालिकेला आपल्या भाषेत बोलतं करायचं, हे त्यांचं काम. त्या मालिकेत माणसं जवळजवळ नाहीतच, सगळी इंजिनं. बोलणारी, रुसणारी, एकमेकांच्या चुगल्या करणारी इंजिनं. ऐकायला गंमत वाटते, पण ते गाव म्हणजे मोठं कडक प्रकरण. एखादं इंजिन ऐटीत जोरात गेलं की घसरलंच म्हणून समजा. थाप मारली की रात्रभर पावसात उभं. कंटाळा केला की त्याचे डबे दुसऱ्याला. बाई कधीकधी वैतागून म्हणायच्या, “अहो, एक तरी इंजिन चुकून मजेत राहिलेलं दाखवा की! मग बघा मी कशी खुशीत लिहिते.” पण तसा भाग काही कधी यायचा नाही. दर भागाच्या शेवटी शिकवण ही ठरलेली.

शिकवण सांगायचे यार्डमास्तर. त्यांचं तोंड मालिकेत कधीच दिसत नाही. दिसतो तो नुसता हात आणि हातातला हिरवा दिवा. संध्याकाळचं यार्ड, सगळी इंजिनं ओळीनं डोळे मिटून उभी, आणि एक शिट्टी. मग यार्डमास्तरांचा तो भरदार आवाज, शिकवण, आणि दुसरी शिट्टी. संपलं, लागली जाहिरात. तो आवाज आमच्या मास्तरांचा. पूर्वी नाटकात राजे व्हायचे, आता यार्डमास्तर होतात. त्यांना घरचेसुद्धा मास्तरच म्हणतात. आवाज असा की ऐकणाऱ्यानं उठून उभं राहावं, पण गृहस्थाची एक गोम होती: हातात कागद लागायचा. कागद नसेल तर मास्तर दुकानात जाऊन साबणसुद्धा धड मागत नाहीत, ततपप करतात. त्यांच्या बायकोनं स्वतः सांगितलेलं आहे हे.

आणि त्या दोन शिट्ट्या म्हणजे बाईंच्या जिवाला घोर. त्या संगीतातच मिसळून तिकडूनच यायच्या, तसूभर हलवता यायच्या नाहीत. जी काय शिकवण द्यायची ती त्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या जागेत बसवायची. तिकडच्या भाषेत म्हणे ऐसपैस बसायचं. आपल्या भाषेत क्रियापद येईपर्यंत दुसरी शिट्टी वाजायची.

गेल्या वर्षी असाच एक भाग आला होता. छोटं पिवळं इंजिन, भिंगरी त्याचं नाव, जत्रेला निघालेल्या मुलांचे डबे घेऊन घाट चढतं. चाक तापतं, दुखतं, तरी हूं की चूं करत नाही. वर पोचतं, सगळे टाळ्या वाजवतात. मूळ शिकवण दोन वाक्यांची होती. शहाणं इंजिन कुरकुरत नाही, मधे थांबत नाही, हे पहिलं. आणि दुसरं असं की खरोखर दुखलं तर मात्र लगेच शिट्टी वाजवायची. बाईंनी दोन्ही लिहून पाहिली. बसेनात. शब्द कापले, उलटेपालटे केले, मास्तरांना घाईघाईनं बोलायला लावलं. तरी दुसरी शिट्टी “वाजवा”वर यायची आणि “यची” शिट्टीत वाहून जायचं.

“उडवा दुसरं,” बाई म्हणाल्या होत्या.

“अहो पण अर्धवटच झालं की हे,” मास्तर कुरकुरले होते. “हे इंजिन आहे की हुतात्मा?”

“मास्तर, शहाणं इंजिन कुरकुरत नाही!”

सगळे खो खो हसले होते. रेकॉर्डिस्टला घरी जायची घाई होती. झालं. उडवलं.

आणि ती अर्धी शिकवण काय उचलून धरली म्हणता लोकांनी! “शहाणं इंजिन कुरकुरत नाही, शहाणं इंजिन मधे थांबत नाही.” पोरांच्या दप्तरांवर आली, पाण्याच्या बाटल्यांवर आली. आयांना तर घबाडच मिळालं. भाजी नको म्हणाला, शहाणं इंजिन. शाळेत जायचं नाही म्हणाली, शहाणं इंजिन. बाईंना रस्त्यात बायका थांबवून सांगायच्या, “अहो, तुमच्या त्या वाक्यानं आमचं घर चालतं!” बाईंची कॉलर ताठ. आपण लिहिलेलं काहीतरी घराघरांत बोललं जातंय, कुणाला आवडणार नाही? स्वतःच्या घरात तर त्या रोज सकाळी वापरायच्या. मोज्याची शिवण टोचते म्हणून ठकीनं भोकाड पसरलं की बाई वेणीचा दुसरा पेड घालता घालता म्हणायच्या, “शहाणं इंजिन काय करत नाही?” आणि ठकी नाक ओढत म्हणायची, “कुरकुरत नाही.”

तर अशा त्या बाई आज दारात उभ्या होत्या, आणि टोपलीतला फोन थरथरला.

“झोपलीय गं,” सासूबाई म्हणाल्या. “अगदी शहाण्यासारखी झोपलीय. एका शब्दानं कुरकुर नाही. तू कर तुझं काम.”

बाईंनी फोन ठेवला आणि त्यांच्या मनात कसंतरीच झालं. ठकी, आणि कुरकुर नाही? जी पोरगी नख कापताना शेजारीपाजारी गोळा करते, ती तापात एका शब्दानं कुरकुरत नाही? बाईंना आत जाववेना, बाहेर थांबववेना. आतून मास्तरांची हाक आली तशी त्या गेल्या, एक ओळ घेतली, ती चुकली, परत घेतली. कागदावरचं अक्षर दिसत होतं पण डोक्यात शिरत नव्हतं. पुन्हा बाहेर. पुन्हा फोन, या वेळी बाईंनीच लावला.

“आई, तिला उठवा. उठवून विचारा, कुठे दुखतंय का.”

“विचारलं की. काही नाही म्हणते. पण अगं...” सासूबाई थांबल्या. “आत्ता बाथरूमला गेली ना, तर भिंत धरून गेली. वाकून चालत होती, म्हाताऱ्यासारखी. मी म्हटलं काय गं, तर म्हणते मी खेळतेय.”

बाईंनी पर्स उचलली. “मास्तर, तुम्ही उरलेलं उरका, मी निघाले,” असं म्हणाल्या की नुसतं मनात म्हणाल्या ते त्यांना नंतर आठवेना.

घरी टॅक्सी उभी ठेवून त्यांनी ठकीला उचललं. पोरगी गरम लागत होती आणि ओठ कोरडे पडले होते. टॅक्सीत ती आईच्या मांडीवर मुटकुळं करून पडली. रस्त्यात खड्डा आला की तिचे दात ओठात रुतायचे. डोळ्यांत पाणी टचकन यायचं. पण तोंडातून एक “आई गं” नाही. बाई प्रत्येक खड्ड्याला तिच्याकडे बघत विचारत होत्या. “दुखतंय का राणी?” “नाही.” “पोटात?” “नाही म्हटलं ना.” सासूबाई पुढच्या सीटवर बसून टॅक्सीवाल्याला ओरडत होत्या, “अरे बाबा, हळू चालव! अरे बाबा, लवकर चालव!” त्यानं बिचाऱ्यानं नक्की काय करायचं?

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ठकीचं पोट दाबून पाहिलं. हलक्या हातानं दाबलं, हात पटकन उचलला, चेहऱ्याकडे पाहिलं. ठकीनं डोळे गच्च मिटले होते.

“दुखलं का गं?”

“नाही.”

“इथे?”

“नाही.”

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई बाईंना पडद्यापलीकडे घेऊन गेल्या. “पोट कडक लागतंय. मला अपेंडिक्सची शंका आहे. पण आतड्यात हवा फार आहे, सोनोग्राफीत नीट दिसत नाहीये, आणि पेशंट म्हणतोय दुखत नाही. दुखणं कधी सुरू झालं? आधी बेंबीपाशी होतं का, मग उजवीकडे खाली गेलं का? आणि मुख्य म्हणजे मधेच एकदम थांबलं का? तसं झालं असेल तर ते आत फुटलं असणार, मला एक मिनिट थांबायचं नाहीये, सरळ ऑपरेशनला घेईन. नाहीतर रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत वाट बघावी लागेल. तुम्ही आई आहात. काढा तिच्याकडून.”

आई आहात, काढा! जसं काही खिशातून रुमालच काढायचाय. बाई जाऊन पलंगाशी बसल्या. ठकीचा हात हातात घेतला.

“ठके, माझ्याकडे बघ. खरं सांग मला. पोटात कधीपासून दुखतंय?”

“नाही दुखत.”

“मी रागावणार नाही. आईची शपथ.”

“नाही दुखत.”

“अगं, डॉक्टरबाईंना कळलं पाहिजे ना!” बाईंचा आवाज चढला. सासूबाईंनी मागून दंडाला धरलं. ठकीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. उशाशी तिची पाण्याची बाटली होती, पिवळ्या इंजिनाची, आणि त्यावर गोल गोल अक्षरांत तेच. कुरकुरत नाही. मधे थांबत नाही.

बाईंनी ते वाचलं. रोज भरत होत्या त्या ती बाटली, रोज धुवत होत्या. आज वाचलं.

“ठकी,” त्या हळूच म्हणाल्या, “तू इंजिन आहेस का?”

भिंतीकडूनच मान हलली. मग आवाज आला. “या आठवड्यात मीच आहे. टीचरनी मला केलंय. जे कुरकुरतात ते मागचे डबे. मी कधीच नव्हते झाले इंजिन. वर्गात पिवळी टोपी मीच घालते.”

आता कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. वर्गाची गाडी! डब्याच्या सुट्टीला मुलांची रांग करून न्यायची, पुढे इंजिन, आणि इंजिन कोण, तर आठवडाभर ज्यानं तक्रार केली नाही तो. बाईंनीच पालकांच्या सभेत हसत हसत मान डोलावली होती, छान कल्पना आहे म्हणून. आणि ही पोरगी, मोज्याच्या शिवणीवरून रडणारी, वर्षभर शेवटचा डबा होऊन होऊन एकदाची इंजिन झाली होती.

“अगं राणी, ऐक. ती शिकवण अर्धी आहे. पुढे आणखी आहे. खरोखर दुखलं तर इंजिनानं शिट्टी वाजवायची असते.”

ठकी वळली. कपाळावर घाम होता, पण नजर अशी की वकिलानं साक्षीदाराकडे बघावं. “खोटं. टीव्हीत असं नाहीये.”

“मी लिहिते ते, बाळा. मीच लिहिलंय.”

“तू लिहितेस. पण सांगतात यार्डमास्तर. त्यांनी नाही सांगितलं.”

बाई उठून बाहेर पळाल्या आणि त्यांनी मास्तरांना फोन लावला.

वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. रेकॉर्डिस्टला लावला. तोही नुसता वाजला. आणि बाईंच्या लक्षात आलं की फोन कुठे वाजतायत. टोपलीत! बंद दाराबाहेर, स्टुलावरच्या टोपलीत दोन फोन थरथर कापत पडलेत, आणि आत ते दोघं निवांत काम करतायत, कारण आत फोन न्यायचा नाही. कुणाचा नियम? बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. निर्मात्याला लावला, तो मीटिंगमध्ये. शेवटी गेटवरच्या वॉचमनचा नंबर सापडला.

“वर जा! पळत जा! दार उघडून मास्तरांना फोन दे तुझा!”

धापा टाकल्याचा आवाज आला, मग कुजबुज. “बाई, लाल दिवा लागलाय.”

“लाल दिवा गेला खड्ड्यात! उघड दार!”

“बाई, तुम्हीच म्हणाला होतात की जगबुडी आली तरी...”

“अरे बाबा, माझी पोरगी दवाखान्यात आहे! पाया पडते तुझ्या, उघड ते दार!”

दार उघडल्याचा आवाज आला. मग रेकॉर्डिस्टचं ओरडणं, वॉचमनचं उलट ओरडणं, आणि मग मास्तर. बाईंनी सगळं सांगितलं, कसं सांगितलं देव जाणे. अर्धं रडून, अर्धं ओरडून. शेवटी म्हणाल्या, “दुसरं वाक्य, मास्तर. उडवलेलं. तुमच्या आवाजात.”

“कागद...” मास्तर म्हणाले.

“कागद नाहीये, मास्तर!”

पलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज आला: “बाई, फोन तिच्या कानाशी धरा. मी शेवटचं संगीत लावतो.”

बाई धावत पलंगाशी आल्या, स्पीकर सुरू करून फोन उशीवर ठेवला. डॉक्टरीणबाईही येऊन उभ्या राहिल्या. आणि त्या पांढऱ्या खोलीत, सलाइनच्या स्टँडजवळ, संध्याकाळच्या यार्डचं संगीत सुरू झालं. ठकीचे डोळे उघडले. पहिली शिट्टी वाजली. खरी, टीव्हीतली.

“ठकी नावाच्या इंजिना,” यार्डमास्तर म्हणाले. आवाज एवढा भरदार की शेजारच्या पलंगावरचं मूल रडायचं थांबलं. “खरोखर दुखलं तर शहाणं इंजिन लगेच शिट्टी...”

आणि दुसरी शिट्टी वाजली. मेली ती, इथेही वेळेवरच वाजली. वाक्य परत अर्धं. संगीत संपलं, फोन गप्प. दुसऱ्या शिट्टीनंतर यार्डमास्तर कधी बोलत नाहीत हे जगातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे.

ठकी फोनकडे बघत होती. मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, “पण इंजिन थांबलं तर सगळ्यांना उशीर होतो. त्याचं काय?”

हे कुठल्याच कागदावर नव्हतं. फोनमध्ये मास्तर खाकरले. “ते... म्हणजे... ते असं...” ततपप सुरू झाली. बाईंनी डोळे मिटले. आणि मग फोनमधून आवाज आला, तो यार्डमास्तरांचाही नव्हता आणि नाटकातल्या राजाचाही नव्हता, एका साध्या म्हाताऱ्या माणसाचा होता.

“होऊ दे गं उशीर,” मास्तर म्हणाले. “होऊ दे. आम्ही थांबू तुझ्यासाठी.”

ठकीच्या ओठांचा चंबू झाला. तिला धड शिट्टी कुठली येतेय, नुसती हवा आली, आणि हवेच्या शेवटी “कूऽऽ” असा एवढासा आवाज. आणि मग जो बांध फुटला! “आई गं, दुखतंय, खूप दुखतंय! परवा मधलं दुखत होतं, मग इथलं,” तिनं उजवीकडे खाली बोट ठेवलं, “आणि सकाळी एकदम थांबलं, मला वाटलं मी जिंकले, आणि मग सगळंच दुखायला लागलं!”

डॉक्टरीणबाई वळल्यासुद्धा होत्या. “थिएटर तयार ठेवा,” त्या चालता चालता नर्सला म्हणाल्या.

ठकीला आत नेईपर्यंत ती मोठमोठ्यानं रडत होती, पार दवाखाना डोक्यावर घेतला तिनं, आणि सासूबाई डोळे पुसत म्हणत होत्या, “रड बाई, रड. रड हवं तेवढं.”

अपेंडिक्स फुटलं होतं. “रिपोर्टांची वाट बघत बसलो असतो तर...” ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ठकीचे बाबा बाहेरगावच्या कामावरून तसेच सिमेंटनं माखलेल्या कपड्यांत आले आणि पोरीच्या पायथ्याशी उभे राहून नुसते तिच्या अंगठ्याला धरून राहिले. तापाचे चढउतार झाले, नळ्या लागल्या, नळ्या निघाल्या. दवाखान्यातून सुटून पोरगी घरी आली तेव्हा फुलासारखी हलकी झाली होती, पण तोंड मात्र चालू झालं होतं. उशी टोचते, शिट्टी. औषध कडू आहे, शिट्टी. आजीनं चुकीच्या रंगाचा कप दिला, शिट्टी. “अगं कारटे, कान किटले माझे!” सासूबाई म्हणायच्या आणि कप बदलून आणायच्या.

बाई मात्र ठिकाणावर आल्या नव्हत्या. त्या निर्मात्याकडे गेल्या. म्हणाल्या, तो भाग मागे घ्या, शिकवण नव्यानं करू.

“बाई, तो आपला सगळ्यात चालणारा भाग आहे,” निर्माता म्हणाला. “बाटल्या छापून पडल्यात गोदामात. आणि तुम्ही स्वतःच म्हणालात, दोन्ही वाक्यं बसत नाहीत.”

“पहिलं उडवा. दुसरं ठेवा.”

“मग त्यात शिकवण काय राहिली?”

“दुखलं तर सांगायचं, ही!”

“पुढच्या भागांत घाला की काय हवं ते. झालेल्याला हात कशाला?”

बाई तणतणत बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी परत गेल्या. तिसऱ्यांदा मास्तरांना बरोबर घेऊन गेल्या. मास्तर निर्मात्यासमोर कागदाशिवाय जेवढं बोलता येईल तेवढं बोलले, म्हणजे “हे बरोबर नाही” एवढंच बोलले, पण आवाज असा लावला की त्याच्या टेबलावरचा चहा हलला. “बघतो,” निर्माता म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

तेवढ्यात एका दुपारी टीव्हीवर तोच भाग परत लागला. बाई स्वयंपाकघरात होत्या. संगीत ऐकलं आणि हातातलं पातेलं तसंच ठेवून बाहेर आल्या, बंद करायला. ठकी पलंगावर उशीला टेकून बसली होती, पिवळी टोपी डोक्यावर. शाळेतून टीचर स्वतः टोपी घेऊन आल्या होत्या, बराच वेळ बसल्या होत्या, निघताना बाईंचा हात घट्ट दाबून गेल्या होत्या.

“बंद नको करू,” ठकी म्हणाली. बाई तिच्याजवळ बसल्या.

हिरवा दिवा दिसला. पहिली शिट्टी. “शहाणं इंजिन कुरकुरत नाही, शहाणं इंजिन मधे थांबत नाही.” दुसरी शिट्टी. आणि जाहिरात लागायच्या आत ठकीनं हनुवटी छातीला टेकवून, जमेल तेवढा जाड आवाज काढून टीव्हीला सुनावलं, “आणि खरोखर दुखलं तर लगेच शिट्टी वाजवायची. उशीर झाला तर होऊ दे. आम्ही थांबू.”

मग ती आईकडे वळली. “आता पूर्ण झालं ना?”

“झालं,” बाई म्हणाल्या.

“पण आई, दुसऱ्यांच्या घरी हे कोण म्हणणार?”

बाई उठल्या, पदराला हात पुसले, पर्स शोधली, ती सापडेना, मग सापडली.

“कुठे निघालीस भर उन्हात?” सासूबाईंनी विचारलं. “आत्ताच तर बसली होतीस.”

“निर्मात्याकडे.”

“परत? त्यासाठीच?”

“परत. त्यासाठीच,” बाई म्हणाल्या आणि चपला पायात सरकवल्या. दारातून मागे वळून त्यांनी एकदा ठकीकडे पाहिलं. “मी येईपर्यंत काही लागलं तर शिट्टी वाजव. आजीला ऐकू येईल अशी.”

ठकीनं लगेच वाजवून दाखवली. अजून नीट येत नव्हती, हवाच जास्त होती. बाई जिना उतरत होत्या, तेव्हा ती खालपर्यंत ऐकू आली.